पट्टीवर ‘विदर्भ’ नीट उमटावं म्हणून

हिवाळा लागला की आमच्या तिवसा-आर्वीकडच्या गावांत खंजिरी भजन स्पर्धा सुरू होतात. रात्रभर एकेक मंडळ स्टेजवर येत राहतं, आणि आता त्यातल्या बऱ्याच स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसतात. पुण्याला कंपनीत कामाला गेलेला पोरगा बापाच्या मंडळाचा नंबर कधी लागतो ते फोनवर पाहत बसलेला असतो. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात. आवाज नीट यावा, आणि खालच्या पट्टीवर मंडळाचं नि गावाचं नाव बरोबर असावं. व्हिडिओ अडखळला तर लोक ‘टॉवरची रेंज गेली असेल’ म्हणून सोडून देतात. गावाचं नाव चुकलं तर कोणी सोडत नाही.

ती नावाची पट्टी दाखवणारं एक लहानसं ओपन सोर्स प्लगइन मी सांभाळतो. प्लगइन म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायची भर, आणि इथलं मोठं सॉफ्टवेअर म्हणजे थेट प्रक्षेपणाचं ओबीएस स्टुडिओ. मूळ लिहिणारा दुसराच. त्याला पुढे वेळ मिळेना, मला तर ते रोज लागत होतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. कोणी विचारलं की ‘प्लगइन सांभाळतो’ म्हणजे काय करतो, तर एका वाक्यात सांगता येत नाही. सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की झालं, ते काही कांद्यासारखं सडत नाही, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर त्यातलं एक अक्षरही न बदलता ते बिघडू शकतं, कारण त्याच्या आजूबाजूचं सगळं बदलत असतं.

आधी ओबीएस स्टुडिओ काय आहे ते पाहू. कॅमेरा, माइक, फोटो, कॉम्प्युटरची स्क्रीन, अक्षरं हे सगळं एकावर एक रचून त्याचं एकच चित्र बनवायचं आणि ते यूट्यूब-फेसबुककडे पाठवायचं, हे त्याचं काम. ह्यू बेली या प्रोग्रामरने २०१२ मध्ये ते सुरू केलं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. फुकट आहे हे सगळ्यांना माहीत असतं. कोड उघडा आहे, हे त्याहून मोठं. जीपीएल नावाच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली तो कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. मुख्य अट ही: बदललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं तर त्याचा कोडही त्याच अटींवर द्यायचा. ओबीएसच्या गाभ्याला जोडून चालणाऱ्या प्लगइनलाही ही अट लागू आहे असंच धरून चालायचं. पैसे घ्यायला मनाई नाही, कोड लपवायला आहे.

प्लगइनचं म्हणाल तर ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा. मागे रोटाव्हेटर लावा की पेरणीयंत्र, जोडणीची जागा आणि औजार फिरवणारा पीटीओचा शाफ्ट ठरलेला असतो, म्हणून दुसऱ्या कारखान्याचं औजारही बसतं. ओबीएसचा गाभा, ज्याला लिबओबीएस म्हणतात, त्याने अशीच एक जोडणी ठरवून दिली आहे. अक्षरं लिहिणं, माइकची खरखर कमी करणं, स्क्रीन पकडणं ही ओबीएसची स्वतःची कामंसुद्धा आतून प्लगइन म्हणूनच लिहिलेली आहेत. बाहेरच्या माणसाने लिहिलेलं प्लगइन आणि घरचं प्लगइन, दोन्ही एकाच दाराने आत येतात.

आत येतात म्हणजे असं. ओबीएस सुरू होताना ठरलेल्या फोल्डरमध्ये पाहतं. विंडोजवर डीएलएल, लिनक्सवर एसओ अशा शेपटीची फाइल सापडली की ती उघडतं आणि तिच्यातलं ठरावीक नावाचं फंक्शन बोलावतं. प्लगइन तिथे आपली ओळख देतं: मी एक सोर्स (चित्रात भर घालणारा घटक) आहे, माझा आयडी हा, मला तयार करायचं तर हे फंक्शन, मोडायचं तर हे, सेटिंग बदलली तर हे, आणि पडद्यावर चित्र काढायचं तर हे. त्यानंतर प्लगइनने स्वतःहून फारसं काही करायचं नसतं. गरज पडेल तेव्हा ओबीएस हाक मारतं, आणि हाक आली की काम उरकून लगेच मागे व्हायचं.

‘लगेच’ या शब्दाला इथे मिलिसेकंदांचा हिशोब आहे. सेकंदाला ३० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० फ्रेमना १७ सुद्धा पुरते नाहीत. त्यात कॅमेऱ्याचं चित्र, बॅनर, कोपऱ्यातला लोगो, आपली पट्टी असं सगळं बसवायचं असतं. एका प्लगइनने वेळ खाल्ला की अख्खं चित्र थांबतं. शिवाय प्लगइन ओबीएसच्याच प्रक्रियेत, त्याच्याच मेमरीत चालतं. त्याने एक चुकीचा पत्ता वाचला की नुसती पट्टी जात नाही, ओबीएस बंद पडतं आणि थेट प्रक्षेपणही त्याच्यासोबत जातं. नावाच्या पट्टीसारख्या किरकोळ गोष्टीत एवढी काळजी कशाला, असं विचारणाऱ्याने रात्री एकच्या सुमाराला भर मंडपात ओबीएस बंद पडलेलं पाहावं.

आता पट्टीच्या मूळ दुखण्याकडे येतो. ओबीएसची २८ वी आवृत्ती ३१ ऑगस्ट २०२२ रोजी आली, आणि त्या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि ८ चा आधार संपला. शहरात याचा फार गाजावाजा झाला नसेल. इकडे लग्नाच्या शुटिंगवर पोट असलेल्या पोरांचे लॅपटॉप जुने असतात. काहींनी नवीन घेतले. काहींनी जुन्यावरच उबुंटू टाकलं, कारण ते फुकट आहे आणि जुन्या मशीनवर बरं चालतं. आणि मग पट्टीवर मराठी बिघडली.

त्याचं कारण असं की विंडोजवर ओबीएसचा अक्षरांचा सोर्स विंडोजच्याच यंत्रणेकडून अक्षरं काढून घेतो, आणि तिला देवनागरी येते. लिनक्सवरचा सोर्स फ्रीटाइप नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतो. फ्रीटाइपचं काम फॉन्टमधून एकेका अक्षराचं चित्र काढून देणं एवढंच. कोणतं चित्र कुठे ठेवायचं, कोणती दोन जोडायची, हे त्याचं काम नाही. इंग्रजीत ते लागतही नाही, अक्षरामागे अक्षर ठेवलं की झालं. आपल्याकडे तसं जमत नाही.

‘विदर्भ’ हाच शब्द घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्या साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, तो सहा तुकड्यांत साठवलेला असतो: व, ऱ्हस्व इकार, द, र, हलन्त, भ. इकार उच्चारात व नंतर येतो म्हणून साठवतानाही व नंतर असतो, पण कागदावर आपण तो व च्या आधी काढतो. र आणि हलन्त मिळून रफार होतो आणि तो भ च्या डोक्यावर जाऊन बसतो. हे काहीच न कळणारी यंत्रणा सहा चित्रं ओळीने मांडते. इकार व आणि द यांच्या मधे येतो, त्याची वेलांटी द वर पडते, रफार होतच नाही, आणि पडद्यावर ‘वदिर्‌भ’ असं काहीतरी उमटतं. ज्या प्रदेशात स्पर्धा चालू आहे त्याचंच नाव असं दिसल्यावर लोक ऐकून घेणार आहेत का?

तुकडे वाचून, त्यांची जागा बदलून, जोडाक्षरं बनवून कोणतं चित्र नेमकं कुठे ठेवायचं ते ठरवण्याच्या कामाला शेपिंग म्हणतात. ते करणारी हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी आहे. अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये तीच आहे. हा लेख तुम्ही फोनवर वाचत असाल तर ही अक्षरंही बहुधा तिनेच जुळवली असतील. आमच्या प्लगइनमधली पहिली मोठी सुधारणा म्हणजे अक्षरं काढण्याआधी मजकूर हार्फबझकडून जुळवून घेणं. शेपिंग नव्याने लिहायला निघालो असतो तर आयुष्य गेलं असतं. दुसऱ्याने नीट केलेलं काम शोधून आपल्याकडे जोडणं, ओपन सोर्समध्ये सुधारणा बहुतेक वेळा अशीच होते. त्यात कमीपणा काही नाही.

पण जोडणी करताना एक बारकावा राहून जातो. हार्फबझला मजकुराची भाषा सांगावी लागते. देवनागरी म्हटलं की लिपी कळते, भाषा कळत नाही. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात. भाषा मराठी असं सांगितलं तरच मराठी वळण मिळतं. बहुतेकांना फरक जाणवतही नसेल. भिंतीवर नावं रंगवणारे आमच्याकडचे पेंटर काका मात्र पट्टी पाहताच म्हणाले, ‘हा ल आपला नोय.’ प्लगइनमध्ये त्यासाठी एकाच ओळीची भर लागली.

दुसरं दुखणं लांबीचं होतं. जुन्या कोडमध्ये नावासाठी ६४ बाइटची जागा ठेवली होती, आणि नाव मोठं असेल तर ते तिथेच कापलं जाई. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून लिहिणाऱ्याला ६४ पुष्कळ वाटले असणार. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन बाइट लागतात. एकट्या ‘विदर्भ’लाच १८ होतात. ‘श्री गुरुदेव सेवा महिला भजन मंडळ’ एवढ्यातच ६४ ची मर्यादा ओलांडली जाते, गावाचं नाव तर पुढेच राहतं. वरून काप तीन बाइटांच्या मधेच बसला तर शेवटी प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन येतो.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे तुकडा मधे कापायचा नाही. तो अर्धाच उपाय आहे. तुकडा अख्खा ठेवूनही काना-मात्रा अक्षरापासून तुटू शकते आणि ‘मोझरी’चं ‘मोझर’ होऊ शकतं. युनिकोडने वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर कुठे संपतं याचे नियम दिले आहेत, त्या हद्दीवरच कापायला हवं. पण माझं मत विचाराल तर मंडळाचं नाव कापूच नये. आता नाव मोठं झालं की अक्षरं थोडी लहान होतात, त्याहून मोठं झालं की पट्टी सरकत जाते. ज्यांनी वर्गणी काढून स्पर्धा ठेवली त्यांच्या गावाचं नाव ‘…’ असं अर्धवट दाखवण्यापेक्षा ते बरं.

याच सुधारणांच्या ओघात एका मदतनिसाने चांगल्या हेतूने एक बदल पाठवला होता. व्हॉट्सॲपवरून नावं कॉपी करताना सोबत न दिसणारी चिन्हं येतात, ती सगळी पुसून टाकायची. ऐकायला अगदी बरोबर. पण त्या न दिसणाऱ्या चिन्हांत एक असतं शून्य रुंदीचं जोडचिन्ह, आणि मराठीत त्याला काम आहे. ‘वऱ्हाड’मधला तो वळलेला अर्धा र काही कीबोर्ड र, हलन्त आणि हे जोडचिन्ह मिळून बनवतात. चिन्ह पुसलं की रफार होतो आणि ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’. आमच्याकडे चाचणीसाठी शब्दांची एक यादी आहे आणि कोडमध्ये काहीही बदल आला की ती आपोआप तपासली जाते: ज्ञानेश्वर, तुकड्या, श्रीकृष्ण, वऱ्हाड, विदर्भ, तऱ्हा. प्रत्येक शब्दातून कोणती चित्रं कोणत्या क्रमाने यायला हवीत ते लिहून ठेवलेलं आहे. बदल तिथे अडकला. मदतनिसाने मग नको ती चिन्हं निवडून पुसली, आणि ती सुधारणा आज सगळ्यांच्या कामी येते.

वेगाचं दुखणं वेगळ्याच ठिकाणी होतं. आयोजक मंडळांची यादी टेक्स्ट फाइलमध्ये लिहितात, शुटिंगवाला तीच फाइल पट्टीला जोडतो. जुना कोड दर फ्रेमला, म्हणजे सेकंदाला तीस वेळा, ती फाइल उघडून पाही. लॅपटॉपच्या डिस्कवर असताना कोणाच्या लक्षात आलं नाही. फाइल पेन ड्राइव्हवर असली आणि पेन ड्राइव्ह सुस्त असला की सगळा व्हिडिओ अडखळे. आता फाइल बदलली का हे सेकंदाला एकदा, आणि तेही चित्र काढण्याच्या रांगेबाहेर, स्वतंत्र थ्रेडमध्ये पाहिलं जातं. नाव बदललं तरच अक्षरं नव्याने जुळवायची, त्याचं चित्र एकदा बनवून ठेवायचं, आणि पुढच्या प्रत्येक फ्रेमला तेच तयार चित्र टेकवायचं.

जुनं चित्र मोकळं करायलाही विसरायचं नाही. १९२० पिक्सेल रुंद आणि २०० उंच पट्टी, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे सुमारे दीड एमबी. मंडळ, गाव, हार्मोनियमवाले, तबलावादक अशी नावं पाळीपाळीने फिरत राहिली आणि रात्रभरात चारशे वेळा पट्टी बदलली, तर सहाशे एमबी मेमरी अडकून पडेल. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पहाटेपर्यंत काय होईल ते सांगायला नको. ओबीएस बंद होताना आपल्या नोंदीच्या शेवटी मेमरीचे किती तुकडे परत आले नाहीत त्याचा आकडा लिहितं. तो शून्य असला पाहिजे.

ही नोंद, म्हणजे लॉग, सांभाळणाऱ्याच्या सगळ्यात कामाची वस्तू. तक्रारी आमच्याकडे अशा येतात:

‘भाऊ, पट्टी येऊनच नाही राहिली.’

‘सोर्स जोडता तवा यादीत नाव दिसते काय?’

‘थे नाही पाह्यलं.’

‘पाहा बरं. अन् हेल्पमधून लॉग पाठवा.’

लॉगमध्ये ओबीएसची आवृत्ती, कॉम्प्युटरची माहिती आणि कोणकोणती प्लगइन आत आली त्याची यादी असते. यादीत आपलं नाव नसेल तर कोड पाहत बसण्यात अर्थ नाही, फाइल चुकीच्या जागी आहे. लिनक्सवर याचं एक नेहमीचं कारण आहे. सॉफ्टवेअरच्या दुकानातून ओबीएस फ्लॅटपॅक स्वरूपात घेतलं असेल तर ते आपल्या बंद पेटीत चालतं आणि प्लगइनही त्याच पेटीतल्या फोल्डरमध्ये शोधतं. नेहमीच्या फोल्डरमध्ये टाकलेली फाइल त्याला दिसतच नाही. हे मराठीत, चित्रांसकट समजावून लिहिलं तेव्हापासून ही तक्रार बरीच कमी झाली. कोडची एक ओळ न लिहिता झालेली ही सुधारणा.

‘अटकून राहिलं’ ही तक्रार मात्र नीट फोडून पाहावी लागते. ओबीएसच्या स्टॅट्स खिडकीत फ्रेम वाया जाण्याचे तीन वेगळे आकडे असतात. नेटवर्क कमी पडल्यामुळे सोडून दिलेल्या, एन्कोडिंग (व्हिडिओ दाबून पाठवण्याजोगा करणं) मागे पडल्यामुळे वगळलेल्या, आणि चित्र वेळेत तयार न झाल्यामुळे हुकलेल्या. पहिला आकडा वाढत असेल तर ते डोंगल आणि टॉवर यांच्यातलं प्रकरण. बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा) कमी करा, पट्टी काढून काही होणार नाही. दुसरा वाढत असेल तर प्रोसेसरवर भार जास्त आहे, व्हिडिओ १०८० वरून ७२० वर आणा. तिसरा वाढला तर प्लगइनवर संशय घ्यायला हरकत नाही. तेव्हा ओबीएस सेफ मोडमध्ये सुरू करून पाहायचं. ३० व्या आवृत्तीपासून ही सोय आहे, त्यात बाहेरची प्लगइन बंद राहतात. आकडा थांबला तर बहुधा बाहेरच्या कोणत्यातरी प्लगइनचाच दोष आहे. माझ्या मते ज्याला हे तीन आकडे वाचता येतात आणि जो ते लिहून पाठवतो, त्याने प्रोग्रामरपेक्षा कमी मदत केलेली नसते. एक सावधगिरी: लॉग पाठवा, पण ओबीएसचं अख्खं प्रोफाइल फोल्डर कोणाला देऊ नका. त्यात तुमच्या चॅनेलची स्ट्रीम की असते, आणि ती मिळाली की तुमच्या चॅनेलवर कोणीही काहीही दाखवू शकतो.

आजूबाजूचं बदलल्यामुळे प्लगइन बिघडतं असं वर म्हटलं, त्याचं ठळक उदाहरण हीच २८ वी आवृत्ती. ओबीएसच्या खिडक्या, बटणं क्यूटी नावाच्या लायब्ररीवर बनतात. त्या आवृत्तीत क्यूटी ५ जाऊन क्यूटी ६ आलं. ज्या प्लगइनने स्वतःची खिडकी क्यूटी ५ वर बनवली होती, ती नव्याने बांधल्याशिवाय चालेनात. ज्यांचा क्यूटीशी संबंध नव्हता ती बहुतेक तशीच चालत राहिली. त्यातून आम्ही एक धडा उचलला: जेवढ्या कमी गोष्टींवर टेकून राहाल तेवढं बरं. पट्टीची सगळी सेटिंग आता ओबीएस स्वतः जो साधा फॉर्म बनवून देतं त्यातच आहे, वेगळी खिडकी नाही. दिसायला साधं आहे, पण पुढच्या वेळी क्यूटी बदललं तरी आमची झोप मोडणार नाही.

त्याच वेळी ओबीएस-वेबसॉकेट हे दुरून ओबीएस चालवण्याचं प्लगइन ओबीएसच्या आतच आलं. त्याची ॲपशी बोलायची भाषा बदलली, पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ४४४४ चा ४४५५ झाला. स्टेजजवळ बसून फोनवरून नाव बदलणाऱ्या पोरांचे जुने ॲप एका अपडेटनंतर मुके झाले. दोष कोणाचाच नव्हता. असे बदल ओबीएसवाले सहसा आधीच जाहीर करतात, आणि एखादं फंक्शन काढून टाकायचं असेल तर काही काळ त्यावर ‘हे आता वापरू नका’ अशी खूण ठेवतात. प्लगइन बांधताना ती खूण इशारा म्हणून समोर येते. इशाऱ्यांकडे डोळेझाक न करणं हे सांभाळणाऱ्याचं अगदी कंटाळवाणं, पण रोजचं काम.

आपणही कोणाच्या तरी पायाखालची जमीन असतो. शुटिंगवाल्याने वर्षभर जुळवलेले सीन, म्हणजे पडद्यावरच्या तयार मांडण्या, ओबीएस एका फाइलमध्ये साठवतं, आणि त्यात आपल्या सोर्सचा आयडी व सेटिंगची नावं लिहिलेली असतात. मला वाटलं म्हणून मी आयडी सुंदर केला, की अपडेट घेतल्यावर त्याच्या सगळ्या सीनमधली पट्टी गायब. म्हणून आयडीला हात लावायचा नाही, कितीही ओबडधोबड असला तरी. वागणूकच बदलायची असेल तर जुन्याच्या शेजारी दुसरी आवृत्ती उभी करायची. ओबीएसने आपल्या स्वतःच्या अक्षरांच्या सोर्सबाबत तसंच केलं आहे. आवृत्तीचा आकडाही याच हिशोबाने द्यायचा: शेवटचा वाढला तर नुसती दुरुस्ती, मधला वाढला तर नवीन सोय, पहिला वाढला तर अपडेट घेण्याआधी वाचून घ्या. स्पर्धेच्या दिवशी मात्र यातलं काहीच घेऊ नका.

तीन सिस्टीमसाठी तीन वेगळ्या फाइली बांधाव्या लागतात, आणि माझ्याकडे मॅक नाही. त्याची सोय गिटहबवर, म्हणजे जिथे कोड ठेवतात त्या साइटवर, होते. ओबीएस प्रकल्पाने प्लगइनसाठी एक तयार साचा ठेवला आहे. त्यातून सुरुवात केली की प्रत्येक बदलानंतर गिटहबच्या मशीनवर विंडोज, मॅक आणि लिनक्सच्या फाइली आपोआप बांधल्या जातात, आणि उघड्या कोडच्या प्रकल्पांना त्याचे पैसे पडत नाहीत. मॅकवर अडचण एकच. ॲपलची सही नसलेल्या फाइलवर मॅक इशारा देतं, आणि सहीसाठी लागणाऱ्या सदस्यत्वाला वर्षाला ९९ डॉलर पडतात. खंजिरीच्या मंडपात मॅक क्वचितच दिसतो, म्हणून ते पैसे आम्ही भरत नाही आणि तसं स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

नाही म्हणणं हेही सांभाळण्याचंच काम, आणि सगळ्यात अवघड. उदाहरणार्थ, स्पर्धेची यादी बरेचदा फ्लेक्सवाल्याकडून येते आणि ती डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असते. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून मराठी चित्रं चढवलेली. पट्टीत टाकली की कचरा दिसतो. ‘प्लगइनमध्येच हे फॉन्ट चालू करा ना भाऊ’ ही मागणी अगदी रास्त आहे. पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा. एक घेतला की दुसरा मागतील, आणि त्या नकाशांतली प्रत्येक चूक थेट प्रक्षेपणात दिसेल. यादी आधी युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं वेगळी आहेत, ती वापरा, असं उत्तर आम्ही देतो. लोक नाराज होतात. तरीही पट्टीने पट्टीचंच काम करावं, असं मला वाटतं.

मदतनीस वाढले की आनंद होतो, आणि २०२४ च्या मार्चपासून थोडी धास्तीही वाटते. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी ओपन सोर्स लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. थकलेल्या सांभाळणाऱ्यावर ‘बदल लवकर घ्या, नाहीतर दुसऱ्याला हक्क द्या’ असा दबाव आला, बराच काळ मन लावून मदत करणाऱ्या एका खात्याला हक्क मिळाले, आणि त्याच खात्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दुसऱ्या मशीनवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला. तो खोदत गेला आणि ती चोरवाट सापडली. भजनाच्या पट्टीवर कोण डोळा ठेवणार, असं म्हणता येईल. पण प्लगइन ओबीएसइतकंच मोकळं फिरतं, आणि त्या लॅपटॉपवर चॅनेलच्या किल्ल्या असतात.

म्हणून हक्क हळूहळू द्यायचे. आधी तक्रारी वाचून उत्तरं द्यायची, मग दुसऱ्याचा बदल तपासायचा, आणि नवीन आवृत्ती बाहेर काढायचा हक्क सगळ्यात शेवटी. तोही किमान दोघांकडे असावा, कारण एकाचा फोन हरवला, नोकरी बदलली, शेतीचा हंगाम आला, तरी काम अडायला नको. गिटहबवर दोन टप्प्यांचं लॉगिन लागतं आणि आमच्याकडे ओटीपी कधी येतो, कधी तासाभराने येतो, म्हणून बिनारेंजचं ओटीपी ॲप लावून परत मिळवायचे कोड कागदावर छापून ठेवलेले बरे. आणि सांभाळणारं कोणीच उरलं नाही तर प्रकल्प अभिलेखात टाकायचा. तो वाचता येतो, बदलता येत नाही. वरती फक्त एवढं लिहायचं की ओबीएसच्या अमुक आवृत्तीपर्यंत हे चालवून पाहिलेलं आहे. ज्याला गरज पडेल तो प्रत काढून तिथून पुढे नेईल. आमच्याकडे हे आलं तेही असंच.